दारातला तरवड

कडी वाजली तेव्हा मी आरशासमोर दाढी करत होतो. हात हलला आणि हनुवटीखाली वस्तरा लागला. फार नाही, तांदळाएवढं रक्त आलं. पण फाटकाची कडी किती दिवसांत वाजली नव्हती, हे मला त्या रक्ताकडं बघताना कळलं. भिवरा जेठात गेली. माझी बायको. त्यानंतर दहा-बारा दिवस माणसं येत होती, पण ती सगळी आमची, चारठाण्याची आणि इथल्या भीमनगरातली, आणि तेव्हा फाटक उघडंच असायचं. नंतर दूधवाल्याशिवाय कुणी आलं नाही, आणि दूधवाला कडी वाजवत नाही, रस्त्यावरूनच ओरडतो. मी टॉवेल हनुवटीला दाबून बाहेर आलो. फाटकाबाहेर शेजारच्या किशनरावांच्या लक्ष्मीबाई उभ्या होत्या. नुकती अंघोळ केलेली, केस ओले, हातात वेळूची परडी. दोन वर्षांत आमच्या दोन घरांत एक शब्द झालेला नव्हता. भिवराची माती निघाली त्या दिवशी ह्या बाई आपल्या दाराच्या आत उभ्या होत्या. उंबऱ्याबाहेर पाऊल टाकलं नव्हतं. तिरडी उचलताना मी ते बघून ठेवलं होतं.

"सितारामभाऊ," त्या म्हणाल्या, "आज घट बसायलेत. माळंला तरवडाची फुलं लागत्यात. न्हेऊ का चार?"

 त्या माझ्याकडं बघत नव्हत्या. माझ्या मागं, ओट्याच्या कोपऱ्याकडं बघत होत्या. तिथं तरवड उभा होता, माझ्या खांद्याएवढा. सूर्य वर येऊन तास झाला होता आणि फांद्यांच्या टोकाला पानं दिसू नयेत इतकी पिवळी फुलं होती. त्यावर काळे भुंगे लागलेले होते. त्यांचा आवाज फाटकापर्यंत येत होता. माझ्या मनात पहिल्यांदा आलं ते 'नाही' म्हणावं. दुसऱ्यांदा आलं की आत जाऊन भिवराला विचारावं. चार महिने झाले तरी हे असं होतं. विचारायला आत वळतो आणि दोन पावलं गेल्यावर थांबतो.

तो तरवड मी लावलेला नाही. मला तो दारात नको होता. अडुसष्ट साली आम्ही जिंतूर रोडला हा प्लॉट घेतला, दोन पत्र्याच्या खोल्या बांधल्या, तेव्हा मी नांदेडहून गुलाबाची तीन कलमं आणली होती. आमच्या साहेबांच्या बंगल्यात होती तशी. ऑफिसातल्या कुणी घरी यावं आणि दारात गुलाब बघावेत, एवढी माझी हौस होती. भिवरा माहेरी गेली होती, ती येताना पदराच्या गाठीत मूठभर चपट्या बिया घेऊन आली. मी विचारलं, कशाच्या? ती म्हणाली, "तरवडाच्या. माळावरच्या." तोंडाला पाणी सुटतं तसा माझ्या नाकात जुना वास सुटला. मला चारठाण्याचा माळ दिसला नाही, मला माझ्या बापाचे हात दिसले. माझा बाप उमाजी जुन्या देवळांच्या मागच्या माळावर तरवडाची साल काढायचा. कोवळ्या फांद्या तोडायच्या, दगडावर ठेचायच्या, साल ओढायची, भारा बांधायचा आणि डोक्यावरून जिंतूरच्या ढोरवाड्यात नेऊन टाकायचा. तिथं त्या सालीच्या पाण्यात कातडं मुरत घालतात. बापाचे तळहात कायम काळपट लाल असायचे. शाळेत मास्तर माझ्या सदऱ्याचा वास घ्यायचे आणि मला दाराजवळ बसवायचे. छप्पन साली आम्ही धर्म बदलला, मेलेली ढोरं ओढायचं सोडलं, त्याच दिवशी बापानं साल काढायचंही सोडलं. त्याला कुणी सांगितलं नव्हतं. त्याचा तो उठला आणि कोयता आढ्यात खोचला. हात मात्र मरेपर्यंत पांढरे झाले नाहीत. आणि हिनं तेच झुडूप माझ्या दारात लावायला आणलं होतं. मी म्हणालो, "माळावर काय कमी आहे का त्याला?" ती म्हणाली, "माळावर हाय म्हणूनच आणलं. हितं काय वळखीचं हाय मला?"

बी खडकासारखं कठीण असतं. तिनं एकेक बी खापरावर घासलं, रात्रभर ऊन पाण्यात ठेवलं, आणि सकाळी जी फुगली तेवढीच घेतली. आमची जमीन काळी, पावसात लोण्यासारखी होते. तरवडाचे पाय ओले राहिले तर मूळ कुजतं, हे तिला माहीत होतं. सडकेचं काम चाललं होतं तिथून तिनं टोपल्याटोपल्यानं मुरूम आणला आणि ओट्याच्या कोपऱ्यात ढीग केला. त्या कोपऱ्यावर सकाळपासून सांजेपर्यंत ऊन असतं. गुलाबाला मी शेणखत घालत होतो, ती तरवडाला काहीच घालत नव्हती. "ह्याला भाकर नको, ऊन पायजे," म्हणायची. दोन वर्षं नुसती पानं. त्यावर हिरव्या अळ्या पडायच्या. मी गॅमेक्झिनची पुडी आणली तर तिनं ती हातातून काढून घेतली. "फुलपाखराची लेकरं हायत ती. खाऊ द्या. त्यांनी खाल्ल्यानं काय मरतंय व्हय?" अळ्यांनी पानं खाल्ली, फांद्या उघड्या पडल्या, आणि पंधरा दिवसांनी फिक्या पिवळ्या फुलपाखरांनी अंगण भरलं. मी ऑफिसला निघालेलो. सायकल धरून थोडा वेळ उभा राहिलो होतो, हे खरं आहे. तिला मात्र तसं सांगितलं नाही.

बहात्तरच्या दुष्काळात माझे तिन्ही गुलाब वाळले. टँकरचं पाणी दोन घागरी मिळायचं, त्यातलं झाडाला कुठून घालायचं? आम्ही रेशनवरच्या लाल मिलो ज्वारीची भाकरी खात होतो, ती घशाखाली उतरत नव्हती. त्या वर्षी कारळं उगवलं नाही, शेतांत पिवळं काही नव्हतं आणि माळ लांब. आमच्या गल्लीत पिवळं होतं ते फक्त आमच्या दारात. तरवड पाण्यावाचून फुलला. घटावर रोज एक माळ सोडावी लागते, पहिल्या दिवशी एक, दुसऱ्या दिवशी दुसरी, अशा नऊ. तेव्हा पहिल्यांदा गल्लीतल्या बाया आमच्या फाटकात आल्या. लक्ष्मीबाई, समोरच्या गीताबाई, आणखी दोघी. चार वर्षं आम्ही त्या गल्लीत राहत होतो, आमची जात सगळ्यांना ठाऊक होती आणि फाटकाच्या आत कुणी आलेलं नव्हतं. फुलासाठी आल्या. भिवरानं ओट्यावर घोंगडी टाकली.

पुढच्या वर्षी दुष्काळ नव्हता, तरी आल्या. चौथ्या माळेला मी तापानं घरी होतो, खिडकीतून सगळं दिसत होतं. बाया सुईदोऱ्यानं तिथंच माळ ओवत बसल्या होत्या. गीताबाई सांगत होत्या, "आमच्या ह्यांनी औंदा नऊ दिस अनवाणी राह्याचं ठरवलं. पयल्याच दिवशी काटा मोडला. म्हणले, देवीनं पाय पावन केला. म्या म्हणले, मग काढायचा कशाला, ऱ्हाऊ द्या आतच!" सगळ्या हसल्या. भिवरा सगळ्यांत मोठ्यानं हसली. मी तिला तसं हसताना ऐकलं नव्हतं. मग ती उठून आत आली, चहा टाकला, पाच कपबशा भरून ताटात घेतल्या आणि बाहेर नेल्या. चारही बाया एकदम म्हणाल्या, "उपास हाय वो." भिवरानं ताट खाली ठेवलं आणि आपला कप उचलून प्याली. बोलणं जसं चाललं होतं तसं चाललं. त्या गेल्यावर तिनं चारही कप पुन्हा पातेल्यात ओतले, गरम केले आणि मला आणून दिले. "वाया कशाला घालवायचा." मी तो चहा प्यालो. ताप होता, तोंडाला चव नव्हती, तरी त्या चहाची चव मला अजून आठवते.

उपासाला चहा चालतो. हे आम्हांलाही माहीत आहे.

चौऱ्याहत्तर साली ऑफिसात अंगद नावाचा आमच्यातलाच एक मुलगा लागला होता, शिकलेला, तिखट. सभेत बोलायचा. घटस्थापनेच्या आदल्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत त्यानं सगळ्यांसमोर मला विचारलं, "काका, तुमच्या दारातली फुलं देवीला जात्यात म्हणं? आन् तीच बुद्धाच्या फोटोला?" बाकीचे हसले नाहीत, त्यांनी डब्यांत तोंड घातलं. हसले असते तर बरं झालं असतं. मी म्हणालो, झाडाला जात नसते. तो म्हणाला, "झाडाला नसंल. चहाला तर हाय ना? फुलं चालत्यात, चहा चालत न्हाई. हे दान न्हाई काका, ही वेठ हाय." त्याला चहाचं कुणी सांगितलं मला माहीत नाही. गल्लीत सगळं सगळ्यांना दिसतं. मी संध्याकाळी घरी आलो तो हाच शब्द तोंडात घोळवत. वेठ. माझ्या आजानं, बापानं जन्मभर केली ती. सकाळी उजाडताच मी, बाप गेल्यावर गावाहून आणलेला, त्याचा कोयता काढला आणि तरवड बुडापासून तोडला. कळ्यांनी भरलेला होता. भिवरा चुलीपाशी होती, आवाज ऐकून दारात आली आणि उभी राहिली.  बाया परड्या घेऊन आल्या तेव्हा मी फाटकात उभा होतो, पायाशी फांद्या. मी मोठ्यानं बोललो, गल्लीला ऐकू जाईल असं. "आमी आमचे देव सोडलेत. तुमच्या देवासाठी आमच्या दारात यायचं न्हाई. आमचा चहा बाटका, मग आमची फुलं कशी चालत्यात?"  लक्ष्मीबाईंचे यजमान किशनराव त्यांच्या ओट्यावर दात घासत होते, त्यांनी चूळ थुंकली आणि बायकोला नुसती मान हलवून आत बोलावलं. मी बोललो त्यात आजही मला एक शब्द खोटा सापडत नाही. मी अनेकदा शोधला.

त्या दिवशी ऑफिसात अंगदनं माझा हात हातात घेतला. मला छाती रुंद झाल्यासारखं वाटलं. घरी मात्र भिवरा तीन दिवस जेवताना समोर बसली नाही. चौथ्या दिवशी मीच विषय काढला. "त्या तुझा चहा पीत नव्हत्या. तुला दिसत नव्हतं का?" ती म्हणाली, "मी आंधळी हाय व्हय? न्हाई पेल्या तर न्हाई पेल्या. बसत व्हत्या ना?" मी म्हणालो, "बसण्यात काय इज्जत आहे?" ती म्हणाली, "तुमी दिसभर ऑफिसात. कुसुम पाथरीला दिली. मी कुणासंगं बोलू? भिताडासंगं?" मी म्हणालो, भीमनगरात जा, आपली माणसं आहेत. तिनं नुसतं माझ्याकडं बघितलं. भीमनगर दोन मैल. मग ती भांडी घासायला गेली. तो विषय आमच्या घरात परत निघाला नाही.

आणि तरवड मेला नाही. हे मला माहीत असायला पाहिजे होतं. माझा बाप त्यावरच जगला होता. बुडापासून तोडलेला तरवड पुढच्या पावसाळ्यात दुप्पट फांद्यांनी वर येतो, साल काढणारे मुद्दाम तसाच तोडतात. मारायचा असेल तर तोडायचा नसतो, बुंध्याची साल सगळीकडून सोलायची असते. उमाजीच्या मुलानं इज्जतीसाठी झाड तोडलं आणि त्याला ते तोडता आलं नाही. पंचाहत्तर साली तो असा फुलला की वाटेनं जाणारे थांबून बघायचे. परडी घेऊन कुणी आलं नाही. भिवरा सकाळी ओट्यावर एकटी बसायची. एकदा मला हाक मारली. "बगा, भुंगा कसं करायलाय." मी गेलो. भुंगा फुलाला पायांनी घट्ट धरून सगळं अंग थरथरवत होता, आवाज एकदम बारीक व्हायचा आणि फुलातून पिवळी भुकटी त्याच्या पोटावर पडायची. ती म्हणाली, "उगं येऊन बसला तर काय बी मिळत न्हाई त्याला. धरून हलवावं लागतंय. तवा कुठं फूल देतंय, आन् तवाच शेंग धरती." मला ऑफिसला उशीर होत होता. ती पुढं काहीतरी सांगणार होती असं मला आता वाटतं. तेव्हा वाटलं नव्हतं. ह्या वैशाखात तिचे डोळे पिवळे झाले. आधी चारठाण्याचा काविळीचा पाला, मग दवाखाना, मग परत घरी. शेवटच्या आठवड्यात तिला ओट्यावर बाज टाकून पाहिजे होती, ऊन लागत होतं तरी. मी तिला उचलून सावलीत आणायचो.  कुसुम म्हणते, बाबा, पाथरीला चला. मी जात नाही. कशासाठी इथं आहे तेही सांगता येत नाही.

"न्हेऊ का, भाऊ?" लक्ष्मीबाईंनी परत विचारलं.

मला एकदम बरं वाटलं. इतक्या दिवसांत पहिल्यांदा. हिला माझ्या दारात काहीतरी पाहिजे होतं आणि ते द्यायचं की नाही माझ्या हातात होतं. मी फाटक उघडलं. "न्या की, वैनी. हवी तेवढी न्या. पण आधी बसा. चहा टाकतो."

त्या घाबरल्या. "नको, नको. कशाला उगं."

"बसा," मी म्हणालो, आणि आत जाऊन स्टोव्ह पेटवला.  साखर जास्त पडली. भिवराच्या कपबशांतला एक कप पुसला, भरला, बाहेर आणून ओट्याच्या मधोमध ठेवला. गल्ली जागी होती. नळावर जाणाऱ्या बाया होत्या, समोर गीताबाई सडा टाकत होत्या आणि त्यांचा हात मध्येच थांबला होता. लक्ष्मीबाई ओट्याच्या अगदी कडेला टेकल्या होत्या, परडी मांडीवर धरून.

"घ्या."

"उपास हाय वो, भाऊ."

"उपासाला चहा चालतो."

 मी वाट बघत उभा राहिलो. मला घाई नव्हती. मला वाटत होतं हे मी भिवरासाठी करतो आहे, तिनं ज्या प्रश्नावर दोन वर्षं तोंड मिटून घेतलं तो मी आज विचारतो आहे. चहावर साय धरायला लागली.

"तुमाला लय म्हाईत हाय," त्या एकदम म्हणाल्या. आवाज खाली, समोरच्यांना ऐकू जाणार नाही असा, पण दातावर दात होते. "उपासाला काय चालतंय ते म्हाईत हाय. भिवराबायच्या हातचा चहा म्या किती पेले ते म्हाईत हाय का?"

"कधी?"

"दुपारी. तुमी हापिसात, आमचे हे झोपलेले. मागच्या भिताडाला खिंडार व्हतं, तिथनं यायची म्या. तुमच्या चुलीपशी पाटावर बसायची. आलं ठेचून टाकायची ती."

मी आल्याचा चहा पीत नाही. मला तो जळजळतो. पण फडताळात मातीच्या बोळक्यात आलं असायचं, कायम, आणि एकदा मी विचारलं होतं की हे कुणाला लागतं. घसा धरतो, म्हणाली होती. मी ओट्यावर खाली बसलो.

"बाहेर का नाही प्यालात मग?"

"बाहेर? सासू जित्ती व्हती तवा. बाहेर पेले असते तर कुणी घरात घेतलं असतं मला? तुमी घेतलं असतं?" त्यांनी पदरानं नाक पुसलं. "तुमी झाड तोडलं, फाटकात हुभं राहून बोलले, त्याच दिवशी ह्यांनी खिंडारात दगडं रचली. मग कसलं येणं. तिच्या मातीला म्या दाराच्या आत हुभी व्हते. ह्यांचा हात दाराच्या फळीवर व्हता, तुमाला दिसला नसंल. आज फुलं आणते म्हणून निघाले. फुलाला कुणी न्हाई म्हणत न्हाई."

मला राग आला तो त्यांचा नाही. भिवराचा आला. तिनं एक वाक्य सांगितलं असतं तर मी कोयत्याला हात लावला नसता. एक वाक्य. कितीतरी दुपारी तिच्या चुलीपाशी एक बाई बसून चहा पीत होती आणि मी घरात येऊन तिला इज्जत शिकवत होतो, आणि ती ऐकून घेत होती.

"मला का नाही सांगितलं तिनं? तुम्ही शपथ घातली होती?"

"म्या कशाला घालू? म्याच म्हणले तिला, सांग बाई तुझ्या मालकाला, म्हंजी ते तरी आमाला बघून तोंड वाकडं करायचे न्हाईत." त्या थांबल्या. पुढचं सांगावं की नाही असं झालं होतं. "ती म्हणली, नको. त्यांला कळलं तर त्यांला लय आनंद हुईल. हापिसात सगळ्यांला सांगतील. मग तुजा चहा बंद हुईल."

समोर गीताबाईंनी बादली खाली ठेवली होती आणि सरळ आमच्याकडं बघत होत्या. नळावरच्या दोघीही. ओट्याच्या मधोमध कप होता. मी ठेवला होता तो तिथं, सगळ्यांना दिसेल असा, बरोबर मध्ये. भिवरानं माझ्याबद्दल जे सांगितलं होतं ते ती मेल्यावर चार महिन्यांनी मी करून दाखवत होतो, आणि आनंदही झाला होता. तिला मी इतका पुरता माहीत होतो. मला ती चुलीपाशी कुणाबरोबर बसते एवढंही माहीत नव्हतं.

मी कप उचलला. "आत या," म्हणणार होतो, आणि तोंडातच राहिलं. आत आता कोण आहे? भिवरा होती तोवर आत चुलीपाशी बसता येत होतं. आता आत एक रंडका पुरुष आहे. बाहेर गल्ली आहे म्हणून पिता येत नाही, आत मी आहे म्हणून पिता येत नाही. लक्ष्मीबाईंनाही ते कळलं असावं, त्या उठल्या.

"वैनी," मी म्हणालो, "चहा आत चुलीपाशी ठेवतो. तिथं अजून पाट आहे. मी मोंढ्यापर्यंत जाऊन येतो."

"आन् घर?"

"घर उघडं आहे. फुलं तोडा सावकाश. पाणी प्यायला म्हणून आत गेलं तर कोण काय म्हणतं."

 मी कप आत नेला, चुलीपाशी ठेवला, वर बशी पालथी घातली. सदरा अंगात अडकवला आणि फाटक उघडं टाकून निघालो. मागं बघितलं नाही. चक्कीपाशी गेल्यावर चक्कीवाला म्हणाला, "साहेब, एकाच गालाची दाढी काढली? दुसऱ्या गालानं काय गुन्हा केला?" तेव्हा कळलं साबण अजून तोंडावर आहे. मी बाहीनं पुसला. मोंढ्यात सकाळची हळद, गूळ, ओल्या पोत्यांचा वास होता. मला काही घ्यायचं नव्हतं. मी एका अडतीच्या पायरीवर बसलो. ती आता कुठं असेल, फुलं तोडत असेल की आत, पाटावर की उभी, हेच डोक्यात. भिवरा दुपारी त्या पाटासमोर काय बोलत असेल? माझ्याबद्दल बोलत असेल. तोडलेल्या झाडाबद्दल बोलता आलं नाही, कारण तोपर्यंत खिंडार बंद झालं होतं. म्हणजे ते तिनं कुणालाच सांगितलं नाही. शेवटची दीड वर्षं तिनं कुणालाच काही सांगितलं नाही. दुसऱ्या मुलखात नाही, माझ्याच घरात, माझ्या शेजारी झोपून. मी मोंढ्याच्या घड्याळाकडं बघत अर्धा तास काढला. आणखी पाच मिनिटं काढली.

परत आलो तर फाटक लोटलेलं होतं. तरवडाची वरची फुलं तोडलेली होती, नीट देठापासून, एकही फांदी न मोडता. खालच्या फुलांवर भुंगे होते तसेच होते. गल्लीत कुणी नव्हतं. मी चपला काढून आत गेलो. चुलीपाशी कप नव्हता. तो मोरीच्या कडेला, धुऊन, पालथा घातलेला होता. बशी त्याच्या शेजारी. पाट भिंतीला होता तसाच होता, की थोडा पुढं ओढलेला होता, मला सांगता येईना. सकाळी तो कुठं होता ते मी बघितलंच नव्हतं.

कप धुतलेला होता. पिऊन धुतला, का ओतून देऊन धुतला?

मी मोरीवर वाकलो. शहाबादी फरशी आहे, चहा ओतला तर तांबूस डाग राहतो, शिवाय भोकाच्या जाळीत गाळलेल्या चहाची एखादी तरी पत्ती अडकते. उजेड कमी होता म्हणून मी गुडघे टेकले. तोंड अगदी जवळ नेलं. आणि मग माझ्या डोक्यात आलं की हे कळल्यावर मी काय करणार होतो. अंगदला सांगणार होतो. प्याली असती तर उद्या सांगितलं असतं, बघ, प्याली. ओतला असता तरी सांगितलं असतं, बघ, मी म्हणत नव्हतो? दोन्ही वाक्यं माझ्याजवळ तयार होती. आपल्या घरातली एक बाई आपल्याला हे सांगायला का भीत होती, ते मोरीवर गुडघे टेकलेल्या माणसाला आणखी कुणी समजावून द्यायला नको होतं.

मी मान वळवली. भिंतीकडं बघत हात मागं नेऊन हंड्यातून तांब्या भरला आणि न बघता मोरीत ओतला. पाणी भोकातून गेल्याचा आवाज आला. मग आणखी एक तांब्या ओतला.